रविवारची जलनेती: पाणी उकळूनच आणा

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला गच्चीवर जलनेती (एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायची योगक्रिया) आहे. नळाचं पाणी नाकात घालायचं नाही, नुसतं कोमट केलेलंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नेतीपात्रात नळाचं पाणी वापरल्याने दोघे दगावले. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकातून मेंदूत पोचला होता. (असं पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, तेव्हा पिण्याच्या पाण्याची धास्ती नको.)

• पाणी किमान १ मिनिट खळखळ उकळून, झाकून, कोमट झाल्यावर घरूनच आणा.
• लोटा स्वतःचा, धुऊन कोरडा केलेला.

पाण्यात मीठ घातलं की न उकळताही भागतं, हा वाद मागच्या वेळी झालाय. मीठ उकळण्याची जागा घेत नाही. पाणी न आणणाऱ्यांनी त्या दिवशी फक्त प्राणायाम करावा.

– वर्गप्रमुख