गॉगल घालत नाही, एवढंच कारण नाही

संपादक महोदय,
कारखान्यातल्या डोळ्यांच्या इजांवरचा आपला लेख वाचला, विषय घेतलात ते बरंच झालं, पण ‘कामगार गॉगल घालत नाहीत’ हा त्यातला सूर मला पटला नाही. भोसरी, कुपवाड, शिरोलीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा, एकच ओरखडे पडलेला गॉगल तिघांत फिरतो, घामाने त्यावर वाफ धरते आणि मग माणूस जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, नीट दिसावा म्हणून तो काढूनच ग्राइंडिंग करतो. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 35 मध्ये उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांच्यापासून डोळे वाचवायला स्क्रीन किंवा योग्य गॉगल देण्याची जबाबदारी राज्य सरकारच्या नियमांनी कारखान्यावर टाकायची तरतूद होती. योग्य म्हणजे कामाला साजेसा, ग्राइंडिंगचा साधा पारदर्शक गॉगल वेल्डिंगच्या आर्कला चालत नाही, आणि बाजूला उभ्या हेल्परचेही डोळे रात्री पेटतात, त्याला तर कोणी काहीच देत नाही.

शिवाय कण गेला की शेजारचाच माणूस रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढतो, बुबुळाला जखम होते, त्यात जंतू शिरले की फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं आणि नजर कायमची अधू होते. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या जागी आलेल्या, कामाच्या जागच्या सुरक्षेच्या 2020 च्या नव्या संहितेत वीज वापरणारं युनिट फॅक्टरी धरायला किमान 20 कामगार लागतात, मूळ कायद्यात 10 होते. मग आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपमधल्या डोळ्यांकडे बघणार कोण, यावर आपण जरूर लिहावं.

– एक फिटर, भोसरी