चर्चच्या ऑर्गनची सदोष दुरुस्ती – तक्रार

सोलापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वाद्यदुरुस्ती विभाग

विषय: रीड ऑर्गनचे काम चुकीच्या पद्धतीने झाल्याबद्दल

महोदय,

आपल्याकडून दुरुस्त होऊन आलेला आमच्या चर्चचा रीड ऑर्गन (हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्यांवर, म्हणजे रीडवर, वाजणारा) उपासनेला वापरण्याजोगा नाही.

सर्वांत वाईट काम भात्याचे. मुख्य भात्याला रेक्झिन लावले आहे. तिथे रबर चढवलेले पातळ सुती कापडच लागते. रेक्झिन घडीवर नीट मुडपत नाही, कोपऱ्यांत ताठ उभे राहते आणि तिथूनच हवा शिरते. तपासणी सोपी आहे. सगळे स्टॉप (रीडची एकेक रांग चालू-बंद करणाऱ्या खुंट्या) बंद ठेवून पायडल मारा, आतली हवा खेचली जाऊन भाता पुरता मिटला की पाय काढा. आतल्या स्प्रिंगा त्याला हळूहळू उघडतात. धडधाकट ऑर्गनला मिनिटभर तरी लागावा. आमचा आठ-दहा सेकंदांत उघडतो.

त्यात कापड सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या पारंपरिक गोंदाने) न चिकटवता सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवले आहे. सरस गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो आणि लाकूड शाबूत राहते. हा गोंद लाकडात मुरतो, पुढच्या वेळी खरवडावाच लागतो. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेला की, ताणाखाली तो सरकतो. डावा कोपरा आताच दोन बोटे सुटला आहे.

पितळी रीड पॉलिश लावून चकचकीत करण्याचे कारण कळले नाही. त्यांना कोरडा मऊ ब्रश पुरतो. पॉलिशची पांढरी भुकटी रीडची जीभ (थरथरणारी पट्टी) आणि चौकटीच्या फटीत बसली आहे, त्यामुळे मधल्या सप्तकातले दोन सूर मुके झाले आहेत. वर कानसही फिरवलेली दिसते. जिभेच्या टोकाकडे घासले की सूर चढतो, बुडाकडे घासले की उतरतो. गेलेले पितळ मात्र परत येत नाही. आता 'ए' हा सूर एका रांगेत ४४० हर्ट्झ आणि दुसऱ्या रांगेत ४४३ हर्ट्झ आहे. दोन्ही स्टॉप ओढले की सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. सेलेस्ट नावाच्या स्टॉपमध्ये असा हेलकावा मुद्दाम ठेवतात, पण आमच्या ऑर्गनला तो स्टॉपच नाही.

पट्ट्यांखालच्या लाकडी दांड्यांना तेल दिले आहे. तेलाने लाकूड फुगते, धूळ धरते, दांडी भोकात अडकते, खालची झडप उघडी राहते आणि बोट उचलले तरी सूर वाजतच राहतो. तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळायची असते.

बिलात 'पाइप सफाई व ट्यूनिंग' अशीही रक्कम आहे. दर्शनी भागातले नळ (पाइप) शोभेचे आहेत, त्यांतून हवा जातच नाही.

तरी रेक्झिन काढून योग्य कापड सरसाने बसवावे, दांड्या बदलाव्यात, घासलेले रीड जुळवून किंवा बदलून द्यावेत आणि पाइपची रक्कम परत करावी. काम चर्चमध्येच, आमच्या ऑर्गनवादकांसमोर व्हावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवू. बिलाची प्रत व भात्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपले,
पंच कमिटी व ऑर्गनवादक