कृषिमंत्री साहेब, खातेबदल नको, राजीनामा द्या

दि. 27 जुलै 2025

प्रति,
मा. ना. श्री. माणिकराव कोकाटे,
कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कृषिमंत्रिपदाचा राजीनामा देण्याबाबत

साहेब, नमस्कार.

मी आपल्याच नाशिक जिल्ह्यातला शेतकरी आहे. येवला तालुक्यात पालखेड कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, माझं रान आहे. खरिपात मका आणि सोयाबीन, रब्बीत पाणी पुरलं तर उन्हाळ कांदा. कुठल्याही पक्षाचं सदस्यत्व माझ्याकडे नाही, आणि हे पत्र मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही.

मंगळवारी नाशिकला तुम्ही पत्रकारांना बोलावलंत. विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा तुमचा व्हिडिओ रविवारी राज्यभर फिरला होता, त्यामुळे काही तरी पश्चात्ताप ऐकायला मिळेल असं आमच्या पारावर सगळ्यांना वाटलं होतं. मिळालं उलटंच. राजीनामा देण्यासारखं घडलं काय, असा तुमचा सवाल. बदनामी करणाऱ्यांना कोर्टात खेचण्याचा इशारा. आणि चौकशीत दोषी ठरलो तर बघू, हे आश्वासन. ज्यांच्या नावानं तुमचं खातं चालतं त्यांच्यापैकी एक म्हणून तुमच्या त्या सवालाचं उत्तर मी देतो.

पत्त्यांपासून सुरुवात करतो आणि ते लवकर संपवतो. तुम्ही म्हणता, खालच्या सभागृहात काय चाललंय ते यूट्यूबवर बघत होतो, मध्येच तो गेम आला आणि मी तो बंद करत होतो. खरं काय ते मोबाईलच्या तपासणीत कळेल. पण ऑनलाइन रमीनं आमच्या भागातल्या किती पोरांना कर्जात घातलंय हे तुम्हाला माहीत नाही असं होणार नाही, तुमचाही मतदारसंघ खेड्यांचाच आहे. बापाच्या कांद्याची पट्टी खात्यावर जमा झाली आणि पोरानं रात्रीतून उडवली, ही गोष्ट आता गावागावात आहे. त्या खेळाचे पत्ते कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाईलवर सभागृहात दिसावेत, एवढ्यानंही मान खाली जायला हवी होती. आणि अधिवेशन कुठलं? पावसाळी. 30 जूनला ते सुरू झालं, दुसऱ्याच दिवशी वसंतराव नाईकांची जयंती म्हणून राज्यानं कृषी दिन साजरा केला. याच अधिवेशनात तुमच्या सरकारनं लेखी सांगितलं की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात 767 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्याच दिवसांत लातूर जिल्ह्यातला एक म्हातारा शेतकरी बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपलेला देशानं पाहिला. मागे त्याची बायको होती.

मोबाईल आमच्याकडेही आहे, साहेब. तुमच्याच सरकारनं तो आमच्या मागे लावलाय. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा तर मोबाईल. पीक पाहणी करायची तर बांधावर उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, आणि रेंज नसली तर तो फोटो अपलोड होईपर्यंत उन्हात थांबायचं. गेल्या हंगामापर्यंत विम्याची तक्रार द्यायची तर 72 तासांच्या आत, तीही मोबाईलवरच. गेल्या हंगामात माझं सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा विमा कंपनीचा टोल फ्री क्रमांक लावून लावून बॅटरी संपली, वीज नव्हती, शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस आला तोवर पाणी ओसरलं होतं. त्यानं कागदावर नुकसान लिहिलं ते निम्म्याहून कमी.

पण माझा मुख्य राग रमीवर नाही. तो त्याआधीपासूनचा आहे, आणि त्याला मे महिन्यापासून जास्त धार आली.

यंदा मे महिन्यात जो पाऊस झाला तसा आमच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता. 26 मेला तर मान्सूनच मुंबईत पोचला. आमच्याकडे त्या दिवसांत उन्हाळ कांदा काढलेला होता, पात कापून ढीग घातले होते, चाळीत भरायचा बाकी होता. मजूर मिळेपर्यंत पाऊस आला. कागद टाकेपर्यंत ढिगाच्या बुडातून पाणी वाहायला लागलं. उघडीप मिळाल्यावर कागद काढला तर आतून वाफ आली. वरचा थर चांगला दिसत होता, खाली हात घातला तर कांदा बोटांत लिबलिबीत झालेला. बायकोनं आणि मी निवडून निवडून जो चाळीत टाकला, त्यालाही जून सरता सरता पाणी सुटलं. चाळीच्या खाली काळा ओघळ आणि वास असा की जनावरं त्या बाजूला जाईनात.

नेमक्या त्याच आठवड्यात जिल्ह्यात पाहणीला आलेले तुम्ही म्हणालात की पीक काढून झालेल्या शेतात ढेकळांचे पंचनामे करायचे का. हे वाक्य मी टीव्हीवर ऐकलं. ढेकळांचा पंचनामा कुणी मागितला नव्हता. शेतात काढून ठेवलेल्या मालाचं काय, एवढंच लोक विचारत होते. आणि पीक विम्यात काढणीनंतर चौदा दिवसांपर्यंत शेतात सुकत पडलेल्या मालाच्या नुकसानीची तरतूद होती, हे कृषिमंत्र्याला ठाऊक असायला हवं. ती तरतूद यंदा कुणी काढली? तुमच्याच सरकारनं. एक रुपयातला विमा बंद झाला, आता खरिपाला 2 टक्के आणि नगदी पिकाला 5 टक्के हप्ता आम्ही भरायचा. आणि हप्ता वाढवून संरक्षण कमी : स्थानिक आपत्ती गेली, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती गेली, काढणीपश्चात नुकसान गेलं. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, महसूल मंडळातल्या निवडक शेतांतलं पीक कापून काढलेली सरासरी. म्हणजे माझ्या शिवारावर ढगफुटी झाली आणि मंडळातल्या बाकी गावांत पीक बरं आलं, तर सरासरीत माझं नुकसान दिसणारच नाही. सभागृहात बसून डोकं घालायचं होतं ते या प्रश्नात. तुम्ही स्वतः शेतकरी कुटुंबातले, वकिली शिकलेले, अनेक वेळा आमदार झालेले. हे समजायला तुम्हाला कुणा सचिवाची गरज नव्हती.

बोगस अर्ज झाले, हे मान्य. पडीक जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर कुणी विमे उतरवले, हे सगळ्यांनी वाचलं. विम्याचा अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला एका अर्जामागे चाळीस रुपये मिळत होते, त्यातून काय काय झालं त्याची खुशाल चौकशी करा, दोषींना आत टाका. पण फेब्रुवारीत अमरावतीला तुम्ही शेतकऱ्यांच्या एक रुपयाचा विषय काढून भिकाऱ्याचं उदाहरण दिलंत. ओरड झाली. परवाच्या पत्रकार परिषदेत ते सावरायला गेलात आणि शासन भिकारी आहे असं म्हणून बसलात. मुख्यमंत्र्यांनाही ते योग्य नाही असं जाहीर सांगावं लागलं. एप्रिलमध्ये कर्जमाफीबद्दल विचारणाऱ्या शेतकऱ्यालाच तुम्ही ऐकवलंत की माफीच्या पैशातून तुम्ही साखरपुडे आणि लग्नं करता. नंतर माफी मागितलीत, ती मी मनापासून स्वीकारली होती, कारण बोलताना माणसाची जीभ घसरते. पण कर्जमाफीचं वचन निवडणुकीत तुमच्या महायुतीनं दिलं होतं, आम्ही ते मागायला आलो नव्हतो. मार्चअखेर उपमुख्यमंत्र्यांनी पीककर्ज भरा म्हणून सांगितलं तेव्हा सोसायटीच्या सचिवासमोर आम्ही गप्प उभे होतो. त्यावर मुलीच्या लग्नाचा टोमणा मारायचा?

आणि सगळ्यात जास्त लागलेला शब्द. कृषी खातं म्हणजे ओसाड गावची पाटीलकी.

ज्या राज्यात दीड कोटीच्या आसपास वहितीदार आहेत, ते गाव ओसाड कसं? ज्या खुर्चीबद्दल तुम्ही हे बोललात, त्या खुर्चीखाली कृषी सहायकापासून आयुक्तापर्यंत यंत्रणा आहे, चार कृषी विद्यापीठं आहेत, बियाणं, खत, औषध यांचा गुणवत्ता तपास आहे. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणारा दुकानदार फक्त तुमच्या खात्याला घाबरतो, आणि सध्या तोही घाबरत नाही. वसंतराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना पुण्यात शनिवारवाड्यासमोर सांगितलं होतं की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. शेतीचं काम त्यांना एवढ्या मोलाचं वाटत होतं. तुम्हाला ते कमी दर्जाचं वाटतं, हे तुम्हीच सांगितलंत. नको असलेली पाटीलकी सोडायला मग एवढी खळखळ का?

तुमचा मुद्दा असा की मी गुन्हा केला नाही. आर. आर. पाटील आबांनी तरी कुठला गुन्हा केला होता? 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, लोक संतापले, आणि डिसेंबर 2008 च्या पहिल्याच दिवशी त्यांनी गृहमंत्रिपद सोडलं. त्यांच्यावर खटला नव्हता, चौकशीचा अहवाल यायचा होता. तरी गेले. वर्षभरात निवडणूक झाली, लोकांनी निवडून दिलं आणि ते पुन्हा गृहमंत्री झाले. तासगावच्या माणसांनी त्यांना शेवटपर्यंत आबाच म्हटलं. त्याआधी मुख्यमंत्रिपदावरून अंतुले गेले, निलंगेकर गेले, ते कोर्टाच्या ताशेऱ्यांनंतर. मंत्रिपद हे सातबाऱ्यावरचं नाव नव्हे की फेरफार होईपर्यंत कुणी हटवू शकत नाही. लोकांचा विश्वास आहे तोवर ते आहे.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. मुख्यमंत्री कोट्यातल्या सदनिकांच्या जुन्या प्रकरणात फेब्रुवारीत नाशिकच्या न्यायालयानं तुम्हाला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. वरच्या न्यायालयानं स्थगिती दिली, अपील चालू आहे, आणि त्याचा निकाल काय लागायचा तो लागो, मी त्यावर बोलणार नाही. पण त्या वेळी सरकारनं तुम्हाला सांभाळून घेतलं आणि आम्हीही म्हटलं, मंत्री नवा आहे, कामाला लागू दे. त्या सवलतीचं तुम्ही काय केलंत?

रविवारी लातूरला छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तुमच्या प्रदेशाध्यक्षांसमोर पत्ते टाकले आणि तुमचा राजीनामा मागितला. त्यांना तिथेच मारहाण झाली. मारणाऱ्यांत तुमच्या पक्षाच्या युवक आघाडीचे प्रदेशाध्यक्ष होते, आणि पक्षानं दुसऱ्याच दिवशी त्यांना पद सोडायला लावलं. एका दिवसात निर्णय होतो हे आम्ही पाहिलं. मंत्र्याच्या बाबतीत आठवडा उलटला तरी का होत नाही, याचं उत्तर अजितदादांनीही द्यावं.

आता कानावर येतंय की तुमचं खातं बदलून तुम्हाला मंत्रिमंडळात ठेवायचं चाललंय. कृपा करून हे स्वीकारू नका. शेतकऱ्याचा अपमान केलेला माणूस शेतीला नको, पण दुसऱ्या खात्याला चालतो, असा त्याचा अर्थ होईल. तीन वर्षांत कृषी खात्यानं अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे आणि तुम्ही असे तीन मंत्री पाहिले. एकालाही हंगामाचं चक्र नीट बघू दिलं नाही, किंवा त्यांनी बघितलं नाही. चौथा येईल तो तरी पूर्ण वेळ देणारा असावा आणि आधीचा माणूस का गेला हे त्याला पक्कं माहीत असावं. खातेबदलानं ते होणार नाही.

31 जुलै ही पीक विमा भरायची शेवटची तारीख आहे. आमच्या गावात निम्म्या लोकांनी अजून भरलेला नाही, कारण हप्ता भरून मिळणार काय हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्या तारखेच्या आत मुख्यमंत्र्यांकडे राजीनामा द्या, मुदतवाढीची आणि काढणीपश्चात नुकसानीची तरतूद परत आणण्याची शिफारस त्याच पत्रात करा. आमदार म्हणून सिन्नरच्या लोकांनी तुम्हाला निवडलंय, तिथे काम करा. आमच्या खात्याचा कारभार मात्र सोडा.

आपल्या जिल्ह्यातला
एक कांदा उत्पादक शेतकरी, येवला तालुका