हक्कसोडीवर जमात गप्प का?

संपादक महोदय,

मुस्लिम बायकांचा विषय निघाला की पेपरात तलाक नाहीतर बुरखा, तिसरं काही येतच नाही. तलाकवर चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई 1966 सालीच सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढून मोकळे झाले, सुप्रीम कोर्टाचा निकाल 2017 ला आला, 2019 ला कायदा झाला. पण आमच्याकडे कोकणात घरोघर चालतं ते हक्कसोड, म्हणजे बहिणींनी वारशातला हिस्सा सोडल्याची सही. बाप गेला की गल्फवरून भाऊ येतात, बहिणींना सहीला नेतात, घर आणि आंब्याची कलमं भावांच्या नावावर, बहिणीला साडी आणि चार दिवस पाहुणचार. माहेर तुटेल ह्या भीतीने ती सही करते आणि कागदावर लिहिलेलं असतं की राजीखुशीने.

कुराणातली सूरह निसा उघडून बघा. सातव्या आयतीत आईबाप आणि जवळचे लोक मागे ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा तसा बायकांचाही, थोडं असो की जास्त, ठरवून दिलेला. अकराव्यात मुलीला मुलाच्या निम्मं. निम्मंच का ह्यावर खुशाल वाद घाला, घालायलाच पाहिजे, पण इथे निम्मंही हातात पडत नाही! वाटण्या सांगून झाल्यावर तेराव्या-चौदाव्या आयतीत ह्या अल्लाहच्या हद्दी आहेत, ओलांडणाऱ्याला आग, असं आहे. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन, भोंग्यावरून घरात ऐकू येतो, बायकांनी पडदा पाळावा ह्याबद्दल कितीतरी ऐकलं, ह्या आयती घेऊन भावांना सुनावलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

अमेरिकेच्या अमिना वदूद यांनी 1992 मध्ये बाईच्या नजरेने कुराण वाचून पुस्तक लिहिलं, मोरोक्कोच्या फातिमा मर्निसींनी हदीस, म्हणजे पैगंबरांची म्हणून सांगितलेली वचनं, तपासल्या. त्यांचं नाव काढलं की लगेच परदेशी फॅड म्हणतात, पण मुंबईच्या बायकाही हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायचा हक्क 2016 ला हायकोर्टातून घेऊन आल्या आणि कुराणाचा आधार घेऊनच न्याय मागतात. आमच्या मुली मदरशात अरबी घडाघडा वाचतात, अर्थ कोणी सांगत नाही, मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, मिळत असूनसुद्धा.

गावच्या मुस्लिम जमातीने एवढं करावं, मयताच्या घरी बहिणींसमोर बसून प्रत्येकीचा हिस्सा वाचून दाखवावा आणि तो आधी तिच्या नावावर लागू द्यावा. मग भावाला द्यायचा की नाही ते तिचं ती बघेल.

एक वाचक, दापोली तालुका