ऑनलाइन विकणाऱ्यांनो, टीसीएसचं क्रेडिट घेतलंत का?

मंडळी, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर माल टाकणाऱ्या सगळ्यांसाठी. प्लॅटफॉर्म पेमेंट देतानाच जीएसटीचा टीसीएस, म्हणजे आपल्या नावाने सरकारकडे आधीच भरायचा कर, कापतो, 10 जुलै 2024 पासून तो अर्धा टक्का आहे, म्हणजे टॅक्स सोडून 1000 ची गोधडी विकली की 5 रुपये. हे पैसे आपलेच असतात, पण जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटमध्ये जाऊन ॲक्सेप्ट करून फाइल केल्याशिवाय कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या कर भरायच्या खात्यात, येत नाहीत, बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत! 20 तारखेला 3बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायच्या आधी एवढं उरकून घ्या.

इन्कम टॅक्सचा टीडीएस, म्हणजे पेमेंटमधून कापलेला आयकर, वेगळा, 0.1 टक्का. वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर वैयक्तिक नावावर विकणाऱ्यांचा कापत नाहीत, पण कापला नाही म्हणजे रिटर्न माफ असं नाही हं. आणि विक्री दाखवताना बँकेत आलेला आकडा धरू नका, कमिशन कुरिअर कापायच्या आधीचा धरा, कारण इन्कम टॅक्स खात्याकडे तोच जातो, कमिशन नंतर खर्चात टाकता येतं.

जीएसटी नंबर नसलेल्यांनाही वर्षाच्या 40 लाखांच्या विक्रीच्या आत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकता येतं, फक्त जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. बाहेरच्या राज्यातली ऑर्डर मात्र घेऊ नका.