म्हैस आजारी पडली, कळवायचं कुणाला?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्री महोदय, नमस्कार.

ठाणे जिल्ह्यात शिळफाट्याच्या पुढं आमचं गाव. घरामागच्या गोठ्यात सात म्हशी आणि एक गीर गाय. गाव म्हणतोय खरं, पण चारी बाजूला टॉवर उभे राहिलेत आणि कागदावर आम्ही आता शहरवाले. म्हशींना ते कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर बाजारातून एक मुऱ्हा म्हैस आणली. कानात पिवळा बिल्ला होता म्हणून लस झालीच असेल असं धरून चाललो, ही माझी चूक, कारण बिल्ला म्हणजे नुसता 12 आकडी नंबर, लस कधी दिली ते वेगळं बघावं लागतं हे नंतर कळलं. पाचव्या दिवशी तिच्या तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबायला लागली, अंग तापलेलं, वैरण हुंगायची आणि मान फिरवायची. मी तोंडात हात घालून जीभ बाहेर ओढली तर जिभेची साल हातात आली, खाली नुसतं लालभडक. लाळ्या खुरकूत, इंग्रजीत फूट अँड माउथ म्हणतात तो गुरांचा रोग. मग एकीच्या खुरांच्या बेचक्यात फोड, दुसरीच्या सडांवर, म्हणजे धार काढायला बसलं की ती लाथ मारणार आणि तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. आठवड्यात पाच म्हशी बसल्या. 60 लिटरचं दूध 20 च्या खाली आलं आणि एक रेडकू तोंडात फोडही न येता उभ्या उभ्या कोसळलं. खासगी डॉक्टर म्हणाले लहानांमध्ये हा विषाणू थेट हृदयावर जातो.

यावर औषध असं नाहीच, जखमा सांभाळायच्या. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्याने तोंड आणि खुरं धुवायची, तोंडात बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून लावायची, खुरात माश्या बसून किडे पडू नयेत म्हणून राखण करायची. आई नाचणीची पेज गार करून हाताने भरवायची, एकेकीला अर्धा अर्धा तास. त्यात समोरच्या सोसायटीने दूध बंद केलं कारण व्हॉट्सअॅपवर कुणीतरी टाकलं की पोरांना होतो तो हँड फूट माउथ हाच. तो विषाणू वेगळा, याचा काही संबंध नाही, पण समजावणार कुणाला.

आता मुद्द्यावर येतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन केला तर तुमची हद्द आता आमच्याकडे नाही. पालिकेच्या ऑफिसात गेलो तर पहिला प्रश्न, कुत्रा आहे का? म्हैस म्हटल्यावर साहेब हसले, मला हसायला आलं नाही. 2009 चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा केंद्राचा कायदा आहे, त्यात लिहिलंय की मालकाने ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं. ज्याची ग्रामपंचायतच गेली त्याने कुणाला कळवायचं ते सांगा. ठाणे, कल्याण, भिवंडीच्या आसपास असे तबेले थोडे नाहीत आणि शहराला ताजं दूध तिथूनच जातं.

लस फुकट आहे, 2019 पासून केंद्राची योजना आहे, दर सहा महिन्यांनी गाय म्हैस दोघींना टोचायची, 2030 पर्यंत रोगच संपवायचा असं ठरलंय. वाईट काहीच नाही त्यात. पण लागण पसरल्यावर टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायलाच दोन तीन आठवडे लागतात, आणि एका गोठ्याला टोचून शेजारचा सोडला तर विषाणू तिथं दबा धरून बसतो. त्यामुळे पालिका हद्दीतल्या जनावरांसाठी एक माणूस नेमा, त्याचा नंबर प्रत्येक तबेल्यावर लावा, आणि बाहेरून नवं जनावर आलं की त्याचा बिल्ला तपासून ते तीन आठवडे तरी वेगळं बांधायची सक्ती करा. सक्ती आमच्यावरही करा, मी नवी म्हैस पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या रांगेत बांधली होती.

आमच्या म्हशी उठल्यात, पण मुऱ्हा अजून दुपारी धापा टाकते आणि दूध पहिल्यासारखं देत नाही. टीम पाठवायची असेल तर दुपारी पाठवू नका, तेव्हा सगळी तळ्यात असतात. पहाटे चार ते सात दाव्याला बांधलेली सापडतील. चहा आम्ही देऊ.

आपला,
शिळफाट्याकडचा एक म्हैसवाला