राज्यशास्त्र घेणाऱ्या लेकीस

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बी. ए. ला मुख्य विषय म्हणून राज्यशास्त्र घ्यावे का, असे तू फोनवर विचारलेस. त्या वेळी घरातले सगळेच एकदम बोलत होते आणि मला जे सांगायचे होते ते सांगता आले नाही, म्हणून हे पत्र. हा विषय तू जरूर घ्यावास, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो घेण्याची जी कारणे सध्या तुझ्या कानांवर पडत आहेत, त्यांतली बरीचशी मला पटत नाहीत.

काका म्हणतात, स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल. होईलही, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि त्याच्या दोन प्रश्नपत्रिका मिळून 500 गुणांच्या असतात. परंतु त्या परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि इंजिनिअर झालेली मुलेही हाच विषय घेऊन बसतात, तेव्हा केवळ त्यासाठी पदवीची सगळी वर्षे यात घालण्याचे कारण नाही. शिवाय परीक्षेवर डोळा ठेवून वाचणारा कलमांचे क्रमांक पाठ करतो. ते कलम तसे का झाले, त्याला कोणी आणि कशासाठी विरोध केला, हे तो सोडून देतो. या विषयाचा जीव नेमका तिथे आहे.

आपल्या मच्छीमार सोसायटीच्या सभा तू लहानपणापासून पाहत आलीस. एलईडीचे दिवे लावून मासळी ओढणाऱ्या बोटींचा विषय निघाला की रापणकरांपासून (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांपासून) छोट्या होडीवाल्यांपर्यंत सगळे एका सुरात म्हणतात, सरकार काही करीत नाही. कोणते सरकार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत, म्हणजे राज्याने कायदे करायच्या विषयांत, 21 व्या क्रमांकावर आहे, आणि देशाच्या सागरी हद्दीपलीकडची मासेमारी संघ सूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांत, 57 व्या क्रमांकावर. ही हद्द किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरची. तिच्या आत राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो आणि मासळीचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 साली आलेले निर्बंध राज्य सरकारचे आहेत. तिच्यापलीकडे 200 मैलांपर्यंतच्या क्षेत्रात एलईडी मासेमारीला 2017 साली बंदी घातली ती केंद्राने. आम्ही तक्रारीचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बोट किनाऱ्यापासून किती मैलांवर होती, हा. आमची माणसे सांगत होती, पंधरा वावांत. समुद्रावर जाणारा पाण्याची खोली वावांत सांगतो, कायद्याला अंतर मैलांत लागते, आणि रात्री क्षितिजावर दिसणाऱ्या उजेडावरून मैल कोण मोजणार? तो अर्ज पुढे सरकला नाही.

तुझ्या अभ्यासक्रमात संघराज्याचे प्रकरण असेल. त्यात अधिकारांची वाटणी, तीन सूच्या, केंद्र-राज्य संबंध असे मथळे येतील आणि ते कोरडे वाटतील. त्या वेळी हा अर्ज आठवावा, अशी माझी इच्छा आहे. निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, तो त्याला कशातून मिळाला आणि त्याने चूक केली तर जाब कोणी विचारायचा, हे तीन प्रश्न शांतपणे आणि पुराव्यासह विचारता येणे, यालाच मी या विषयाचे शिक्षण समजतो. आपल्या किनाऱ्यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. हे प्रश्न विचारणारे फार थोडे आहेत, आणि त्याचे नुकसान आपण सोसतो आहोत.

राजकीय विचारांच्या पेपरात तुला जॉन लॉक हा इंग्रज तत्त्ववेत्ता भेटेल. जमिनीत माणूस आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते, असे त्याने सतराव्या शतकात मांडले. ते वाचताना आपल्या कोकणातली खोती डोळ्यांपुढे आण. पिढ्यान्‌पिढ्या वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन कसणारे कूळ आणि सरकारात सारा भरणारा म्हणून गावावर हुकमत चालवणारा खोत, यांच्यात जमीन कोणाची, हा वाद आपल्याकडे पुस्तकात राहिला नव्हता. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी कसायचे नाकारले. इतकी वर्षे शेत पडीक ठेवणे म्हणजे घरात काय अवस्था झाली असेल, याचा विचार कर. त्याच काळात, 17 सप्टेंबर 1937 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. आणि कायद्याने खोती गेली ती 1949 च्या अधिनियमाने. सिद्धांत, चळवळ आणि कायदा एकाच जमिनीच्या तुकड्यावर कसे भेटतात, हे शिकायला तुला दूर जावे लागणार नाही. लॉकचे म्हणणे कुळाच्या बाजूने जाते की खोताच्या, हेही तू तपासून पाहा. उत्तर मला वाटते तितके सोपे नाही, कारण आपल्या नोकराने केलेले श्रमही तो मालकाच्याच खाती धरतो.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे. 1957 पासून ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जात आणि आपल्या घरात त्यांचे नाव किती आदराने घेतले जाते हे तुला ठाऊक आहे. फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूलभूत हक्कांना बाध आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. लोकांनी निवडलेल्या संसदेचा तो अधिकार तिला परत मिळावा, यासाठी नाथ पैंनी त्याच वर्षी लोकसभेत खासगी (मंत्री नसलेल्या सदस्याचे) विधेयक आणले. जानेवारी 1971 मध्ये ते गेले. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवले की संसद घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. आता सांग, नाथ पैंचे म्हणणे बरोबर होते का? त्यांनी मांडलेला युक्तिवाद आणि न्यायालयाने त्यावर घातलेली मर्यादा, दोन्ही मुळातून वाच. वाचून तुझे मत त्यांच्या विरुद्ध गेले, तर ते माझ्यासमोर न कचरता मांड. आपल्या माणसाचे म्हणणे परक्याइतक्याच कसोशीने तपासता आले नाही, तर राज्यशास्त्र शिकून माणूस फक्त आपल्या बाजूचा वकील होतो.

म्हणून गाईडवर अवलंबून राहू नकोस. राज्यघटनेची अधिकृत मराठी प्रत जवळ ठेव. संविधान सभेतील आणि लोकसभेतील वादविवाद आता इंटरनेटवर सहज मिळतात. ते इंग्रजीत वाचताना पहिले काही महिने जड जाईल, पण तेवढे कष्ट घ्यावेच लागतील. सुटीत येशील तेव्हा ग्रामसभेला माझ्याबरोबर चल. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग मूठभर माणसे गावाच्या नावाने ठराव करतात आणि तो कायदेशीर असतो. पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीने गावाला जे दिले, ते गाव कसे वापरते, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. आपल्या राज्यात पंचायतींतल्या निम्म्या जागा 2011 पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या सभेत बोलते कोण, हेही मोजून पाहा.

नोकरीचे म्हणशील तर या पदवीवर ती आपोआप मिळत नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पुढे एम. ए. आणि संशोधन, तीन वर्षांची एल.एल.बी., पत्रकारिता किंवा आजी म्हणते तसे बी. एड., हे मार्ग खुले आहेत. नव्या धोरणाप्रमाणे चौथे वर्ष करून ऑनर्सची पदवीही घेता येते. त्याचा निर्णय तिसऱ्या वर्षी घेऊ. खर्चाची चिंता तू आत्तापासून करू नकोस.

फॉर्म मुदतीच्या आत भर आणि दुय्यम विषय म्हणून अर्थशास्त्र मिळत असेल तर तेच माग, कारण अंदाजपत्रक वाचता न येणाऱ्याला सत्तेचे अर्धेच कळते. गणपतीला येताना अभ्यासक्रमाची प्रत घेऊन ये. नाथ पैंच्या विधेयकावरची लोकसभेतली चर्चा मलाही पूर्ण वाचायची आहे. ती आपण दोघे मिळून वाचू.

आईचे व आजीचे आशीर्वाद.

तुझे
बाबा